राखीव परदेशी

वॉल्टर आमच्या शेजारी राहायचा. म्हणजे वर्षातले तीन महिने तो राहायचा आणि बारा महिने त्याची आई, रूथ. आम्ही नेपरव्हिलला घर घेतलं त्या उन्हाळ्यात माझं प्रोजेक्ट संपलं आणि कंपनीने मला बेंचवर बसवलं. आमच्या धंद्यात प्रोजेक्ट नसलेल्या माणसाला बेंचवर आहे म्हणतात. पगार चालू असतो, पण तो कशाचा चालू आहे ते कळत नाही, आणि व्हिसावरच्या माणसाला त्या न कळण्याने झोप लागत नाही. वैशाली, माझी बायको, सकाळच्या ट्रेनने शिकागोला कामाला जायची आणि मी कचऱ्याचे डबे आत घ्यायचो.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या गल्लीत दोनच धडधाकट पुरुष घरी होते. एक मी, आणि दुसरा आपल्या आईच्या टोमॅटोंना पाणी घालणारा वॉल्टर.

"सुट्टी का?" मी विचारलं. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, मी ते माझ्या भाषेत सांगतोय.

"ऑफ सीझन. आणि तुला?"

"मी बेंचवर आहे."

त्याने हातातला पाइप टाकला आणि तो कुंपणापाशी आला. "मीपण! किती दिवस झाले?"

"सहा आठवडे."

"मला सात वर्षं."

सात वर्षं बेंचवर ठेवणारी कंपनी कुठली, हे विचारायचा मोह मी आवरला. पहिल्याच भेटीत बरं दिसत नाही. तरी धीर करून विचारलं, "असतोस कुठे?" तो म्हणाला, ओव्हरसीज. "काम कशात?" तर म्हणे, डिफेन्स आणि रीबाउंडिंग. डिफेन्सच्या प्रोजेक्टला सिटिझन लागतो, आम्हाला त्या दारात कोणी उभं करत नाही, त्यामुळे मला त्याचा थोडा हेवा वाटला. रीबाउंडिंग मी ऐकलेलं नव्हतं. पण आमच्या क्षेत्रात दर सहा महिन्यांनी नवीन काहीतरी निघतं, आणि जे ऐकलेलं नाही त्याला मान डोलवायची असा नियम आहे.

"हल्ली फार डिमांड आहे त्याला," मी म्हणालो.

"खरंच? तुला वाटतं तसं?" त्याने इतक्या आशेने विचारलं की मला माझ्या खोटेपणाची लाज वाटली.

संध्याकाळी वैशाली घरी आल्यावर मी म्हटलं, "काय दिवस आलेत बघ. आता अमेरिकन लोकांनाच ऑफशोअर पाठवायला लागले."

पुढचे दोन महिने मी हाच समज उराशी धरून होतो. एका दुःखी जिवाने दुसऱ्याला मदत करावी म्हणून मी त्याचा रेझ्युमे मागितला आणि न वाचता आमच्या मॅनेजरला फॉरवर्ड केला. मॅनेजरचं उत्तर आलं, "कँडिडेट चांगला वाटतो. पण विंगस्पॅन कुठल्या व्हर्जनवर केलंय?" तेव्हा मी रेझ्युमे उघडला. त्यात उंची होती, वजन होतं आणि दोन्ही हात पसरल्यावर या बोटापासून त्या बोटापर्यंत किती भरतं ते होतं.

"अरे, तो सहा फूट नऊ इंच आहे," वैशाली म्हणाली. ती पुण्याची, तिला कुठलीही गोष्ट आधीच माहीत असते. "गॅरेजवर बास्केटबॉलची रिंग आहे. रोज सकाळी तो बॉल आपटतो त्या आवाजाने तू उठतोस. तुला आणखी काय हवं होतं, सनई-चौघडा?"

मी नागपूरचा. अमेरिकेत सगळंच मोठं असतं असं ऐकून आलो होतो. त्यात माणूसही मोठा निघाला तर मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

खरी हकिकत माझ्या गैरसमजाहून फार वेगळी नव्हती. वॉल्टर इथल्याच एका छोट्या कॉलेजातून चार वर्षं खेळला. चारही वर्षं पहिल्या पाचात, म्हणजे मॅच सुरू होताना उतरणाऱ्यांत. त्या कॉलेजच्या जिममध्ये त्याचा फोटो आहे, रूथने मला मोबाइलवर दाखवला होता. पण इथल्या मोठ्या लीगमध्ये जाण्याइतका तो चांगला नव्हता आणि खेळणं सोडून देण्याइतका वाईटही नव्हता. असल्या खेळाडूंना एजंट परदेशी पाठवतात. तिथल्या बऱ्याच ठिकाणी नियम असा की मैदानात एका वेळी दोनच परदेशी उतरवायचे. मग शहाणे क्लब तिसरा एक आणून ठेवतात. दोघांपैकी कोणी लंगडला, रुसला, किंवा कोणाची कागदपत्रं अडकली, तर हाताशी असावा म्हणून. वॉल्टर सात वर्षं सहा देशांत हा तिसरा होता. फिनलंडमध्ये होता, सायप्रसमध्ये होता, एक वर्ष मंगोलियात काढलं. मधूनमधून शेवटची दोन-तीन मिनिटं मिळायची, निकाल लागून गेलेला असताना. मंगोलियातल्या त्या दोघांना अख्ख्या हिवाळ्यात साधी सर्दी झाली नाही.

"तुला राग नाही येत त्यांचा?" मी एकदा विचारलं.

"छे. मी त्यांना सूप करून द्यायचो." मग म्हणाला, "पण एखादा शिंकला की माझे हात आपोआप बुटांच्या लेसकडे जायचे. ते मला आवडत नसे."

आमच्याकडे कंपनीत याला बफर म्हणतात. क्लायंटला न दाखवता एक माणूस जादा ठेवायचा. मी स्वतः दीड वर्ष बफर होतो, त्यामुळे वॉल्टरचं दुःख त्या गल्लीत मला जितकं कळत होतं तितकं कोणाला कळत नसावं. फरक एवढाच की मी बेंचवर बसून कुढायचो आणि वॉल्टर बेंचवर बसण्याची नोकरी अगदी मनापासून करायचा.

"बसायची एक पद्धत असते," तो सांगायचा. मागे टेकायचं नाही. पाय आत घ्यायचे, नाहीतर पळत येणारा अडखळतो. डाव्या हातात टॉवेल, उजव्या हातात बाटली. आपल्या माणसाने बास्केट केली की सगळ्यांच्या आधी उभं राहायचं, आणि मैदानातून परत येणाऱ्या प्रत्येकाला टाळी द्यायची, तो कसाही खेळलेला असो. वाईट खेळलेल्याला जास्त जोरात.

हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की ते कुठेही बाहेर यायचं. आमच्याकडे जेवायला आला की वैशाली पुऱ्यांचा घाणा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येताक्षणी हा उठून उभा, टाळ्या, आणि तिच्या हातात नॅपकिन. दुसऱ्या घाण्याला पुन्हा. एक पुरी फुगली नव्हती, तर त्या घाण्याला त्याने शिट्टीही वाजवली. सोळा वर्षांच्या संसारात तिच्या पुऱ्यांना उभं राहून दाद देणारा पहिला माणूस वॉल्टर, हे ती मला अजून ऐकवते. त्या वर्षी तो गणपतीपर्यंत इथेच होता. तर आरतीचं ताट ओवाळून मागे येणाऱ्या प्रत्येकाला हा शेवटी उभा राहून टाळी देत होता आणि पाण्याची बाटली पुढे करत होता. लोकांना आधी चमत्कारिक वाटलं, मग आवडायला लागलं. काही जण दुसऱ्यांदा ओवाळायला गेले.

मराठी घरात पाहुण्याला आपण बसूच देत नाही, तरी सतत बस म्हणत असतो. अरे बस ना, बस की, उभा का, बस. वॉल्टरने वैशालीला विचारलं, हे सगळे मला बस बस काय म्हणतात? तिने अर्थ सांगितला. त्याचा चेहरा पडला.

"तुमच्या भाषेतसुद्धा?" तो म्हणाला.

मला त्या दिवशी हसताना ठसका लागला होता. पण तो हसत नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आठव्या सीझनला निघायच्या आदल्या दिवशी तो आमच्या पायरीवर येऊन बसला आणि त्याने मला सरळ सांगितलं. त्याचा उजवा गुडघा आणखी एक, फार तर दोन वर्षं टिकणार होता. त्याला बाकी काही नको होतं. कॉलेजनंतर एकदा तरी, मॅच सुरू होताना दिवे कमी करतात आणि पाच नावं पुकारतात, त्यात आपलं नाव ऐकायचं होतं. आणि ते रूथने बघायला हवं होतं. कॉलेजात ती प्रत्येक मॅचला दुसऱ्या रांगेत असायची. पण ती आयुष्यात कधी विमानात बसली नव्हती आणि आता सत्तरीत बसणारही नव्हती.

"आता ऑनलाइन दिसतं ना सगळं," मी म्हटलं. "मी दाखवीन तिला. ते माझ्यावर सोड."

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्याचा फॉर्म भरायचा राहिला होता, आणि फॉर्म म्हटलं की मला राहवत नाही. बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत काढलेल्या माणसासमोर कोणी फॉर्म काढला की त्याचे हात शिवशिवतात. मी वॉल्टरला प्लास्टिकची फाइल दिली, प्रत्येक कागदाचे तीन झेरॉक्स काढायला लावले, आणि त्याच्या नव्या लीगचं पोर्टल माझ्या लॅपटॉपवर उघडलं. पोर्टल त्याच वर्षी सुरू झालं होतं. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, सगळं बिनबोभाट गेलं. मग उंची आली. ती यादीतून निवडायची होती आणि यादी दोनशे सेंटिमीटरला संपत होती.

बास्केटबॉलच्या लीगचा फॉर्म, आणि दोनशेच्या वर माणूसच नाही!

मला तो फॉर्म करणाऱ्या अज्ञात प्रोग्रॅमरची दया आली. कुठल्या तरी दुसऱ्या फॉर्मवरून त्याने यादी उचलली असणार. आम्हीही हेच करतो. वॉल्टर म्हणाला, त्यांना ईमेल करू, उत्तर येईपर्यंत थांबू. तो सरळ माणूस होता. मी त्याला हसलो.

"अरे यार, ईमेल कोण वाचतं? सध्या दोनशे टाक. वर्कअराउंड. नंतर अपडेट करू."

नंतर अपडेट करू, हे वाक्य मी आयुष्यात हजारदा बोललो असेन. अपडेट एकदाही केलेलं नाही.

जानेवारीत एका शुक्रवारी वॉल्टरचा मेसेज आला. त्याच्या पुढच्या दोन परदेशी खेळाडूंपैकी एकाचा घोटा मुरगळला होता. उद्या वॉल्टर पहिल्या पाचात. तिथे संध्याकाळचे सहा म्हणजे आमच्याकडे सकाळचे अकरा. बाहेर गुडघाभर बर्फ होता. रूथ कॉलेजच्या दिवसांतला लाल स्वेटर घालून आली, वैशालीने पोहे केले, आणि मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. वॉल्टर जर्सी घालून मैदानात उभा होता. रूथने माझा हात धरला.

तेवढ्यात कोट घातलेला एक गृहस्थ हातात ओळखपत्र घेऊन वॉल्टरपाशी आला. त्याने ओळखपत्राकडे पाहिलं, मग मान वर करून वॉल्टरकडे पाहिलं, मग पुन्हा ओळखपत्राकडे. आणखी दोघं आले. कोणीतरी टेप आणली. कोटवाला बेंचवर चढला, तरी पुरेना, तेव्हा बेंचवर खुर्ची ठेवून खुर्चीवर चढला. दुसऱ्याने टेपचं खालचं टोक वॉल्टरच्या टाचेशी धरलं. वॉल्टर शाळेत उंची मोजताना मुलं उभी राहतात तसा ताठ उभा होता.

"हे काय चाललंय?" रूथने विचारलं.

"वॉर्म-अप असेल," मी म्हणालो.

दोनशे सहा भरले. ओळखपत्रावरचा माणूस दोनशेचा. म्हणजे हा तो नव्हे. इतकं साधं गणित होतं. स्थानिक खेळाडूंचे फॉर्म कागदी होते, त्यामुळे त्यांच्यात दोनशे दहाचेही होते आणि ते शांतपणे जागेवर उभे होते. वॉल्टरला जर्सी काढून कोट घालायला लावला. नावं पुकारली तेव्हा त्याचं नव्हतं. पुकारलेल्या पाचही जणांना त्याने उभं राहून टाळी दिली.

रूथने पोह्यांची बशी स्वतः धुऊन ठेवली आणि बर्फातून घरी गेली.

"उंटावरचा शहाणा," वैशाली मला म्हणाली. "तुझा फॉर्म, तुझं वर्कअराउंड. त्याला तर ईमेल करायचा होता."

वॉल्टरचा फोन आला तेव्हा मी सगळं कबूल केलं, माफी मागितली. तो म्हणाला, "कॉलेजवाले मला सहा-दहा लिहायचे. मला नेहमी शंका होती. आज अधिकृत कळलं, सहा-नऊ." आणि हसला. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो, चाळिशी उलटलेल्या माणसाने रडू नये इतका रडलो. कागद दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले आणि तोपर्यंत तो मुरगळलेला घोटा बरा झाला होता.

पुढचं वर्ष त्याचं शेवटचं. बाल्टिक समुद्राकडचं एक गाव, खालच्या दर्जाची लीग. फॉर्म त्याने स्वतः भरला, मला दाखवलासुद्धा नाही. रूथ मात्र दर शनिवारी यायला लागली, वॉल्टर खेळो न खेळो. आणि तिथे एक मजेशीर गोष्ट झाली. त्या गावात मॅचला एकच कॅमेरा होता आणि तो कोणीतरी बरोबर घरच्या टीमच्या बेंचमागे ठोकला होता. वॉल्टर बेंचवर बसला की त्याचं डोकं चित्राच्या मधोमध यायचं. डाव्या कानाच्या डावीकडे एक बास्केट दिसायची, उजव्या कानाच्या उजवीकडे दुसरी. बॉल एका कानामागे जायचा आणि दुसऱ्या कानामागून बाहेर यायचा. मधे काय झालं ते कोणालाच कळत नसे.

व्हिडिओखाली गावातले पाच-सहा लोक चिडून लिहायचे. मी ते इंग्रजीत करून घेतलं. "हे डोकं कोणाचं?" "डोकं खाली करा." एकाने लिहिलं होतं, "कोच, डोक्याला बदली खेळाडू द्या."

मी म्हटलं, वॉल्टरला सांगतो, दोन जागा सरकून बस. रूथ माझ्यावर जवळजवळ ओरडली. "खबरदार! एक शब्द बोलशील तर."

ती दीड-दोन तास त्या डोक्याकडे बघत बसायची. मॅच कोण जिंकलं याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. केस वाढले आहेत, मान आखडलेली दिसते, डाव्या कानामागे काय लागलंय. मग फोनवर त्याला सांगायची, "तुझे कान लाल झाले होते, टोपी घालत जा." त्या व्हिडिओत आपण कसे दिसतो याची वॉल्टरला कल्पना नव्हती. आईला एवढं बारीक दिसतं म्हणजे कॅमेरा फारच भारी असणार असं तो मला म्हणाला.

आता तो दुसऱ्या एका राज्यात शाळेत मुलांना खेळ शिकवतो. रूथ घर विकून त्याच्याकडे गेली. सामान न्यायला आला होता तेव्हा मी नेमका ऑफिसात होतो, भेट चुकली. त्यामुळे मी त्याला शेवटचं पाहिलं ते मार्चमधल्या एका शनिवारी, टीव्हीवर.

क्लबच्या एका परदेशी खेळाडूला मुलगी झाली आणि तो आठवड्यासाठी घरी गेला. वॉल्टर पहिल्या पाचात होता. मी सकाळपासून टेपवाला कधी येतो याची वाट बघत होतो. कोणी आलं नाही. दिवे कमी झाले, नावं पुकारायला लागले, आणि त्या परक्या उच्चारातही आम्हाला ते नीट ऐकू आलं. वॉल्टर उठला.

चित्र एकदम मोकळं झालं. आम्ही पहिल्यांदाच ते अख्खं मैदान पाहत होतो. निळी जमीन होती, समोर तीन रांगा प्रेक्षक होते.

"वॉल्टर कुठे गेला?" रूथ घाबरून म्हणाली.

"तो काय तिकडे," वैशाली म्हणाली. "लांबच्या बास्केटखाली. लंगडतोय ना थोडा, तो."

रूथ उठून टीव्हीपाशी गेली. चार महिने तिने त्याला एवढा मोठा पाहिला होता, आणि आता तो बोटभर होता आणि सारखा हलत होता. तिला तो सापडायचा आणि हरवायचा. वैशाली बोटाने दाखवत राहिली. आम्ही तिघंही टीव्हीच्या इतके जवळ उभे होतो की कोणालाच धड दिसत नव्हतं. त्याने दोन बास्केट केल्या. पहिली झाली तेव्हा आम्ही ओरडलो आणि दुसरी कोणाची ते आम्हाला नंतर कळलं. रीबाउंडही, म्हणजे रिंगवर आपटून परत उसळलेले बॉल, घेतले बरेच. मला आता रीबाउंड म्हणजे काय ते माहीत होतं.

दुसऱ्या भागात कोचने त्याला बाहेर बोलावलं. तो मैदानाच्या पलीकडून कॅमेऱ्याकडे चालत यायला लागला आणि प्रत्येक पावलागणिक मोठा होत गेला. बेंचवरचे सगळे उभे राहिले. त्याने प्रत्येकाची टाळी घेतली, एकही सोडली नाही. लाल झालेला चेहरा, उघडं तोंड, घामाने चिकटलेले केस. असा समोरून चेहरा रूथने त्या वर्षात पाहिलाच नव्हता. मग तो वळला आणि धपकन बसला. डोकं पुन्हा मधोमध आलं. खांदे वरखाली होत होते.

खाली लगेच कोणीतरी लिहिलं, "आलं परत. डोकं बाजूला घ्या."

रूथने आजवर इंटरनेटवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिने मला कीबोर्डपाशी बसवलं.

"लिही त्यांना," ती म्हणाली. "दमलाय तो. खेळून आलाय."